ताईच्या हाताबरहुकूम

चहाच्या डब्याचं झाकण ताईला उघडेना, तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही. डबा रोजचाच होता. ताईने तो पोटाशी धरला, कोपराने दाबून पाहिला, आणि शेवटी धाकटीपुढे सरकवून, खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं तशी तिकडे बघत राहिली.

"दे की उघडून," ती म्हणाली. "दिवसभर यंत्रं उघडून बसतेस, एक झाकण उघडायला काय जातंय तुझं?"

धाकटीने झाकण उघडलं आणि ताईचा हात धरला. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"डॉक्टरकडे गेलीस?"

"गेले."

"मग? काय म्हणाले?"

"पाणी आणि दगड, दोन्ही बंद." ताई हसली. "म्हणजे मीच बंद."

ताई नोकरीला होती ती बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथे सिमेंट यायचं, विटा यायच्या, सळ्या यायच्या, आणि सगळ्यांत जास्त यायची खडी. खडीच्या अंगाला दगडाची बारीक धूळ चिकटलेली असते. धूळ जास्त झाली की सिमेंट खडीला धरत नाही, आणि मग पूल काय नि इमारत काय, आतून कच्चीच राहते. म्हणून आलेल्या नमुन्यात धूळ किती ते आधी काढावं लागतं. रीत साधी आहे. खडी सुकवून तोलायची, धुवायची, धुतल्याचं पाणी अगदी बारीक चाळणीतून सोडायचं म्हणजे खडीचा खरा कण वाहून जात नाही, मग पुन्हा सुकवून पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढी धूळ. सगळं येऊन ठेपतं ते धुण्यावर. कमी धुतली तर धूळ राहते, आडदांडपणे धुतली तर चाळणीवरून माल सांडतो. ताईच्या हातून यातलं काही होत नसे. प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की त्याची खडी ताईच्या खडीशी ताडून पाहत, आणि फरक पडला तर चूक कोणाची हे कोणी विचारतही नसे.

"लॅबच्या मॅडमना सांगितलंस?"

"सांगावं लागलं. परवा घमेलं हातातून सुटलं त्यांच्यासमोर. महिनाअखेरीपासून वरच्या मजल्यावर, अहवाल टाइप करायला." ताईने चहाची पावडर मोजून घातली. "खुर्ची आहे, पंखा आहे, खिडकीपण आहे म्हणे."

"मग बरंच की."

ताईने तिच्याकडे अशी नजर टाकली की धाकटीने जीभ चावली. पंख्याखाली बसून दुसऱ्याने धुतलेल्या खडीचे आकडे टाइप करायचे, म्हणजे ताईच्या लेखी जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं होतं.

"मी यंत्र करते," धाकटी म्हणाली.

"कसलं?"

"खडी धुणारं. तू चालवायचं. हात पाण्यात घालायचाच नाही."

"मॅडमनी मागवलं होतं एकदा एक. ते वाळूसाठी होतं. खडी घातली की दातखीळ बसायची त्याची. आता त्याच्यावर फुलाची कुंडी ठेवलीय."

"माझ्या यंत्रावर कोणी कुंडी ठेवणार नाही," धाकटी म्हणाली. बोलून गेली खरी, पण चहा गाळताना तिचा तिलाच धसका बसला. बेकरीवाल्यांसाठी पीठ मळायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती आराखडे काढायची. पीठ हा मऊ जीव. दगडाशी तिचा संबंध ठेच लागण्यापुरता.

मॅडमना भेटायला ती गेली तेव्हा त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मॅडम कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते दगडावर कोरल्यासारखं असायचं.

"एकच अट," त्या म्हणाल्या. "एक नमुना घ्यायचा, त्याचे दोन सारखे भाग करायचे. एक भाग तुमचं यंत्र धुवेल, दुसरा तुमची ताई. आकडे जुळले तर ताई इथेच, यंत्रावर. नाही जुळले तर वर."

"पण तिचे हात..."

"एका नमुन्यापुरते चालवतील त्या. त्यांच्या हाताशी जुळलं तरच मी मानेन."

कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी मागच्या अंगणातला भंगाराचा कोपरा धाकटीला दिला. "मोडकं तेवढं घे," ते म्हणाले, "चालू असलेल्याला हात लावलास तर तुलाच मळून ठेवीन." कारखान्यात तिला 'पाना' म्हणत, कारण जेवायला बसतानाही तिच्या खिशात पाना असायचा. त्या दिवसापासून पाना खिशात कमी आणि हातात जास्त दिसू लागला.

घरी तिने ताईला विचारलं, "तू धुतेस कशी?"

"कशी म्हणजे? चोळते."

"नीट सांग ना."

"अगं चोळते. चोळायची, पाणी ओतायचं, पुन्हा चोळायची. पाणी स्वच्छ होईपर्यंत. यात सांगण्यासारखं काय आहे?"

मग काय, चोळणं हा तर धाकटीचा रोजचा धंदा. पीठ मळायच्या एका मोठ्या स्टीलच्या भांड्यात तिने तीन पाती बसवली, उचलून दाबणारी, दाबून वळवणारी, पिठाला असतात तशीच पण जाड. वरून पाण्याची तोटी, कडेला पन्हळ, पन्हळीखाली बारीक चाळणी. पहिल्यांदा खडी घालून बटण दाबलं तेव्हा असा काही खडखडाट झाला की काका जेवणावरून उठून आले.

"पाने, हे काय दळतेस?"

"धुतेय, काका."

"बरं. धुऊन झालं की कान पण धू आमचे."

पण पाणी गढूळ येत होतं, भरपूर येत होतं, आणि धाकटी खूश होती.

चाचणीच्या दिवशी यंत्र प्रयोगशाळेत आलं. काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्रात घालून फोडणारा एक आडवातिडवा गडी तिथे होता. त्याला सगळे ठोकळेच म्हणत, आणि तो त्यालाच ओ देई. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली.

"ताई, तुमच्या बहिणीनं रणगाडा आणलाय," तो म्हणाला.

"तू तुझे ठोकळे फोड."

"ते फोडायलाच न्यावं म्हणतो मी हे."

ताईने मनगटाला पट्टा आवळला आणि तिचा भाग घमेल्यात घेतला. यंत्र खडखडलं, ताई मुकाट्याने धूत राहिली. दोन्ही भाग रात्रभर भट्टीत सुकले आणि सकाळी काट्यावर चढले. ताईच्या खडीचं वजन घटलं होतं थोडं. यंत्राच्या खडीचं घटलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

धाकटी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पण मॅडम आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे यंत्राने जास्त धूळ काढली. जी हाताने निघत नव्हती ती."

"तसं असेल तर ताईंच्या वरचढ झालं की," ठोकळे म्हणाला.

मॅडम विचारात पडल्या होत्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, आणि हे त्यांच्या बाबतीत होकाराच्या अगदी जवळचं असतं हे ताईला ठाऊक होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. ताईने यंत्रातून आलेल्या खडीचा एक दगड उचलला, अंगठ्याने त्याची कड चाचपली, आणि ती गप्प बसली नाही.

"मॅडम, हीच खडी परत यंत्रात घाला."

"ही धुतलेली आहे."

"म्हणूनच. धुतलेली असेल तर आता काही निघायला नको."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ताईने पाहिलं नाही. धुतलेली खडी पुन्हा यंत्रात गेली, आणि पन्हळीतून पाणी आलं ते पहिल्यासारखंच गढूळ. तिसऱ्यांदा घातली, तरी तेच. सगळ्यांना एकदमच कळलं. यंत्र धूळ काढत नव्हतं, धूळ करत होतं. पाती दगडावर दगड घासत होती आणि खडीच्या कडा झिजवून त्याचाच गाळ पाण्यात सोडत होती. अशा यंत्राने चांगल्या खडीलाही वाईट ठरवलं असतं.

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "महिना संपायला अवकाश आहे अजून," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी परतताना दोघी एकाच रस्त्याने चालत होत्या, पण ताई एका कडेने आणि धाकटी दुसऱ्या.

"पदरात पडलेलं उचलून रस्त्यावर टाकलंस," धाकटी म्हणाली.

"खोटं होतं ते."

"तुझ्यासाठी मरमर मरतेय मी, आणि तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"खडीच्या," ताई म्हणाली.

त्या क्षणापासून धाकटीने तिच्याशी बोलणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींच्या मध्ये आई बसली होती आणि निरोप्याचं काम करत होती.

"आई, तिला सांग, चहा निवतोय."

"चहा निवतोय गं."

"तिला सांग, निवू दे."

"निवू दे म्हणते." आईने दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. "मी आता ही भांडी आवरणार आहे. तुमचं भांडण त्यातच ठेवून दिलं तर चालेल का? धुऊन ठेवीन."

ताईला हसू आलं, ते तिने कपात लपवलं. धाकटीला मात्र 'धुऊन' या शब्दानेच नवा राग आला. ती उठली आणि कारखान्याच्या वाटेला न लागता सरळ प्रयोगशाळेत गेली. रागाच्या भरात तिला एकच दिसत होतं. ताई म्हणाली चोळते, मी चोळणारं यंत्र केलं, मग चुकलं कुठे? एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच.

ताईने तिला आलेलं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिच्यापुढे एका रस्त्याच्या कामाचा नमुना होता. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली.

आणि तिला दिसलं की ताई चोळतच नव्हती.

बोटं फाकवून ती हात खडीच्या तळाशी नेत होती आणि तिथे नुसता हलवत होती, पाळण्याला झोका द्यावा तसा, इकडे तिकडे. दगड एकमेकांवर घासत नव्हते. ते एकमेकांपासून सुटे होत होते, क्षणभर पाण्यात तरंगल्यासारखे, आणि त्या फटींतून खालचं पाणी उसळी मारून धूळ वर आणत होतं. धूळ खाली बसायच्या आत ताई घमेलं कलतं करून वरचं पाणी चाळणीत सोडत होती. दगडाला ती हातच लावत नव्हती म्हणा ना. तिचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं.

आणखी एक गोष्ट होती. चाळणी बारीक, गाळ दाट. चाळणीची भोकं बुजून पाणी काठापर्यंत चढायचं. ते वाहून गेलं तर नमुना फुकट. पण पाणी चढू लागलं की ताईचा डावा हात आपोआप चाळणीच्या कुशीत जाई आणि थोपटायला लागे. थोपटलं की पाणी उतरे.

"ताई, तू हे काय करतेस?"

"काय?"

"डाव्या हाताने."

ताईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो कोणा दुसऱ्याचा असावा तसं पाहिलं. "काय करते? काही नाही."

"थोपटतेस चाळणीला."

"हॅट. मी कशाला थोपटू चाळणीला? ती काय लहान मूल आहे?" आणि हे म्हणता म्हणता ती थोपटत होती. पलीकडे ठोकळे पोट धरून हसायला लागला. मग ताई हसली, आणि धाकटीचा राग त्या पाण्याबरोबर चाळणीतून कुठे गेला ते तिलाही कळलं नाही.

कारखान्यात येऊन तिने पहिलं काम केलं ते तिन्ही पाती काढून भंगारात टाकण्याचं. काका बघत होते.

"आता काय उरलं?"

"भांडं."

"भांडं आमच्या घरीही आहे, पाने."

भांड्याला तिने आतून रबराचं अस्तर लावलं. तळाशी गोल नळी बसवली, तिला बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी वरून पडण्याऐवजी खालून उसळी मारेल, आणि तेही सलग नाही, श्वास घ्यावा तसं थांबून थांबून. भांडं फिरवायचं नव्हतं, झुलवायचं होतं. भंगारातल्या एका ट्रकच्या काचेचा वायपर तिच्या नजरेत भरला. वायपर करतो काय, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. त्याची मोटर भांड्याच्या दांड्याला जोडली तर भांडं हुबेहूब ताईच्या हातासारखं डोलायला लागलं. त्याच दांड्याला तिने रबराचा एक गोळा लावला. प्रत्येक झोक्याला तो चाळणीच्या कडेला हलकी थाप मारायचा.

ताई रोज कामावरून परस्पर कारखान्यात यायला लागली. येऊन स्टुलावर बसायची आणि चुका काढायची.

"जोरात डोलतंय. दगडांना घेरी येईल."

"बरं, कमी करते."

"थाप जड आहे. थोपटायचंय, मारायचं नाही."

"तू तर थोपटतच नव्हतीस ना?"

"गप. आणि मला पाणी दिसत नाही. पाणी दिसल्याशिवाय थांबायचं कधी ते कसं कळणार मला?"

हे मात्र खरं होतं. धाकटीने पन्हळीत काचेच्या नळीचा एक तुकडा बसवला आणि त्याच्या मागे काळी रेघ मारलेला पांढरा पत्रा लावला. पाणी स्वच्छ झालं की रेघ स्पष्ट दिसे. ताईने मान तिरकी करून त्यातून पाहिलं, आणि पहिल्यांदाच चूक काढली नाही. शेवटी भांड्याला बिजागरी लावली, म्हणजे ते हाताने न उचलता कलतं करून रिकामं होईल. आता यंत्राचा आवाज एवढाच यायचा, एक थाप, एक उसळी. काका म्हणाले, "झोप येते याच्याजवळ," आणि त्यांच्याकडून ही मोठीच पावती होती.

दुसऱ्या चाचणीला ठोकळे फेरी न मारता हाताची घडी घालून उभा राहिला. नमुना मुद्दाम वाईट निवडला होता, मातकट, चिकट, कुठल्यातरी खाणीच्या तळातला. ताईने पट्टा आवळून तिचा भाग घेतला. यंत्र डोलायला लागलं.

गाळ इतका दाट आला की चाळणी बघता बघता भरली. पाणी काठाकडे चढू लागलं. धाकटीचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," ताई आपल्या घमेल्यावरून मान वर न करता म्हणाली. "थोपटू दे त्याला."

पाणी काठाच्या अगदी खाली येऊन थरथरत उभं राहिलं. थाप. उसळी. थाप. आणि ते उतरायला लागलं, आधी नकळत, मग सरसर. ठोकळ्याने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भाग काट्यावर चढले. या वेळी आकडे शेजारी शेजारी होते. पण जुळे नव्हते. यंत्राने पुन्हा थोडी जास्त धूळ काढली होती. थोडीच, पण मॅडमच्या अटीच्या बाहेर.

"पुन्हा झिजवतंय," ठोकळे हळहळून म्हणाला.

धाकटी रबराचं अस्तर कुठे फाटलंय का ते चाचपू लागली. ताईने मात्र यंत्राने धुतलेली सुकी खडी मॅडमना विचारून परत भांड्यात ओतली आणि बटण दाबलं. सगळे काचेपाशी वाकले. पहिल्या धारेपासून काळी रेघ लख्ख दिसत होती. पाणी कितीही सोडलं तरी लख्खच. खडीतून काहीच निघत नव्हतं.

"झिजवत नाही," मॅडम म्हणाल्या. "मग फरक कुठून आला?"

ताईने आपल्या हाताने धुतलेल्या भागाचा ट्रे ओढला. धाकटीला ते आधी कळलं, आणि नको म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ताईने खडी भांड्यात ओतलीसुद्धा.

काचेतली रेघ आधी पुसट झाली. मग दिसेनाशी झाली. थोडा वेळ दुधात पाणी घातल्यासारखं पाणी येत राहिलं, आणि मग हळूहळू रेघ परत उगवली.

खोलीत यंत्राची थाप तेवढी चालू होती. आजवर ज्या हाताशी सगळ्यांना ताडून पाहिलं, त्या हाताकडे बघायचा धीर कोणाला होईना. ताईनेच तो वर केला आणि पट्टा सोडला.

"दुखायला लागलं ना," ती म्हणाली, "की पाणी लवकर स्वच्छ दिसायला लागतं. माझ्या लक्षातच आलं नाही."

आणि मग तिचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळत गेला. ती पुन्हा काचेपाशी वाकली. "बघितलंत, मॅडम? याने मला पकडलं. मला! इतक्या वर्षांत कोणाच्या बापाला जमलं नव्हतं ते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मनगट दुखायला लागल्यापासूनच्या नमुन्यांचे राखून ठेवलेले भाग कोठीत आहेत," त्या म्हणाल्या. "ते सगळे पुन्हा धुवावे लागतील. चुकलेले अहवाल मी स्वतः फोन करून दुरुस्त करून देईन."

"यंत्रावर?" धाकटीने विचारलं.

"अर्थात यंत्रावर. आणि ते कोण चालवणार हे मला विचारू नका. त्या काचेपासून ताईंना बाजूला करायची माझी हिंमत नाही." त्या दाराशी थांबल्या. "वरच्या खोलीसाठी दुसरं कोणीतरी बघते. पंखा चांगला आहे तिथला."

ठोकळ्याने कोठीतून गोण्या आणायला सुरुवात केली. ताई यंत्रापाशी उभी होती, हात एप्रनच्या खिशात, आणि एखाद्या फौजेची सेनापती असल्यासारखी हुकूम सोडत होती. ही इकडे, ती तिकडे, चिठ्ठी वर दिसू दे, अरे ओढू नको, उचल. ठोकळे घामाघूम झाला होता.

"ताई, जरा दम तर खाऊ द्या."

"यंत्र दमलं का? मग तू कसा दमतोस?"

धाकटी आपला पाना खिशात सारून निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात ताईने मागे न बघता हाक मारली.

"ए, कुठे चाललीस? हे भांडं लहान पडतंय मला. दुसरं मोठं कर."

"याचा रंग तरी वाळू दे."

"वाळेल तो," ताई म्हणाली आणि पुढची गोणी कलती करायला सांगून काचेपाशी वाकली. पाणी गढूळ आलं. ती बघत राहिली, रेघ उगवेपर्यंत.